मगरिबनंतरचा रस्ता : मोहल्ल्याला उजेड किती, कुठे आणि कसा हवा?

नागपूरकरांना उन्हाळ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. मे २०१३ मध्ये या शहराचा पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. एप्रिल उजाडला की दुपारी रस्ते ओस पडतात, दुकानदार अर्धे शटर ओढून बसतात आणि शहर खऱ्या अर्थाने जागे होते ते मगरिबनंतर. भाजी आणणे, कापड घेणे, दवाखाना, मुलांची शिकवणी, म्हाताऱ्यांच्या गप्पा, पोरांचे क्रिकेट ही सगळी कामे दिवस मावळल्यावर होतात. रमजानमध्ये तर मोमिनपुऱ्याची रात्र सेहरीपर्यंत मावळतच नाही. म्हणजे आपल्या सार्वजनिक जीवनाचा मोठा हिस्सा सूर्याखाली नव्हे, खांबावरच्या दिव्याखाली जातो.

तरीही मोहल्ल्याच्या बैठकीत आपण नळाचे, नालीचे, रस्त्याचे बोलतो. दिव्याचे बोलतो ते फक्त तो बंद पडल्यावर. दिवा लागला की विषय संपला, असे आपण धरून चालतो. तो दिवा योग्य जागी आहे का, त्याचा उजेड रस्त्यावर पडतो की समोरच्या घराच्या खिडकीत, दोन खांबांच्या मधल्या जागेत काय दिसते, हे कोणी विचारत नाही.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून या विषयाची एक बाजू आम्हाला दरवर्षी दिसते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिवस लहान होतो. दहावीची तयारी ऐन रंगात असते आणि नेमक्या तेव्हाच संध्याकाळच्या जादा वर्गातून काही मुलींची नावे कमी होऊ लागतात. घरी विचारले तर अम्मी सांगतात, "सर, क्लास सुटेपर्यंत अंधार पडतो." मुलाला कोणी अंधाराचे कारण देऊन घरी बसवत नाही. बसवले जाते ते मुलीला. गल्लीतला एक बंद दिवा एखाद्या मुलीच्या गणिताचे पूर्ण वर्ष खाऊ शकतो. म्हणून हा विषय फक्त महापालिकेच्या विद्युत विभागाचा नाही, आपल्या घराचाही आहे.

उजेड मोजता येतो

पाणी लिटरमध्ये मोजतात, तसा जागेवर पडणारा उजेड 'लक्स'मध्ये मोजतात. एक चौरस मीटर जागेवर एक 'ल्युमेन' प्रकाश पडला की तो एक लक्स. भर दुपारच्या थेट उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो. निरभ्र रात्री पौर्णिमेचे चांदणे मात्र पाव लक्सच्या आसपास असते. आपल्या डोळ्यांची ही अजब ताकद आहे की या दोन्ही टोकांना आपल्याला दिसते.

रस्त्यावर किती उजेड असावा याचे भारतीय मानक आहे. त्याचे नाव आयएस १९४४, आणि त्याचे पहिले दोन भाग १९७० चे आहेत. त्यात रस्त्यांचे गट केले आहेत. अतिशय वर्दळीच्या, वेगवान वाहतुकीच्या रस्त्यावर सरासरी ३० लक्स, शहरातल्या मुख्य रस्त्यांवर १५ लक्स, बाजारपेठेच्या आणि स्थानिक वर्दळीच्या रस्त्यांवर ८ लक्स आणि कमी रहदारीच्या गल्ल्यांमध्ये ४ लक्स. गल्लीला फक्त चार! म्हणजे चांगल्या उजेडासाठी फार मोठे दिवे लागतात असे नाही. चार लक्ससुद्धा चांदण्याच्या कितीतरी पट जास्त असतो.

पण या मानकातली खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सरासरी पुरेशी नाही, उजेड सारखा पसरलेला हवा. मुख्य रस्त्यांवर सर्वांत कमी उजेडाची जागा सरासरीच्या किमान ०.४ पट आणि गल्ल्यांमध्ये ०.३ पट असावी, असे मानक सांगते. वर्गात आम्ही सरासरी शिकवताना हेच उदाहरण घेतो. एका बाजार-रस्त्यावर सरासरी ८ लक्स उजेड आहे. मग सर्वांत अंधाऱ्या जागीही किमान २.४ लक्स हवा. समजा खांबाच्या अगदी खाली २० लक्स आहे आणि दोन खांबांच्या मध्ये जेमतेम अर्धा. सरासरी कागदावर ठीक दिसेल, पण चालणाऱ्या माणसाला त्या सरासरीचा उपयोग काय? तो झगझगाटातून काळोखात आणि काळोखातून झगझगाटात ये-जा करत राहील. डोळे उजेडाला सरावलेले असताना अंधाऱ्या पट्ट्यात शिरले की काही क्षण खड्डाही दिसत नाही आणि समोरचा माणूसही नाही.

त्यामुळे "आमच्या गल्लीत जास्त पॉवरचा दिवा लावा" ही मागणी बहुतेक वेळा चुकीच्या दिशेने जाते. एका मोठ्या दिव्यापेक्षा योग्य अंतरावरचे दोन छोटे दिवे जास्त कामाचे.

उजेड डोळ्यांवर नको, वस्तूवर हवा

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात दृष्टीचा उलगडा केला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात, असे तोवर अनेक विद्वान मानत. इब्न अल-हैसम यांनी दाखवले की प्रकाश वस्तूवर पडतो, तिथून परत फिरून डोळ्यात येतो, तेव्हा आपल्याला दिसते. आज हे आठवीच्या पुस्तकातले साधे विज्ञान वाटते, पण रस्त्यावरचे दिवे लावताना आपण नेमके तेच विसरतो.

आपल्याला दिवा पाहायचा नसतो. दिव्याच्या उजेडात रस्ता, पायरी, उघडी नाली आणि समोरून येणाऱ्याचा चेहरा पाहायचा असतो. दुकानाच्या दर्शनी भागावर किंवा शादीखान्याच्या फाटकावर आडवा रोखलेला फोकस आठवा. दुकान उजळून निघते, पण समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याचे डोळे दिपतात आणि रस्ता ओलांडणारी म्हातारी त्याला दिसत नाही. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग धूसर होत जाते आणि दिपण्याचा त्रास वाढतो. मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या माणसाला तर असा दिवा अंधारापेक्षाही वाईट. फज्रला निघणारे आपले बुजुर्ग याच वयाचे असतात.

नियम सोपा आहे. दिव्याचे तोंड खाली हवे. दूरून पाहताना आपल्याला उजळलेली जमीन दिसावी, दिव्याचे चमकणारे ठिपके नव्हे. वरच्या बाजूने झाकलेला, सपाट काचेचा, खाली उजेड टाकणारा दिवा कमी विजेत जास्त काम करतो, कारण आभाळाकडे गेलेल्या उजेडाचेही बिल भरावेच लागते.

पिवळ्या दिव्यांकडून पांढऱ्याकडे

चाळिशीच्या पुढच्या वाचकांना सोडियमचे पिवळे दिवे आठवत असतील. त्या दिव्यांत लाल दुपट्टा आणि तपकिरी दुपट्टा सारखाच दिसायचा. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने घरगुती एलईडी बल्बच्या योजनेसोबत रस्त्यांवरचे दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्याखाली देशभर एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले. त्याच काळात नागपूर महानगरपालिकेनेही शहरातले एक लाखाहून अधिक दिवे एलईडीचे केले.

बचत किती होते याचा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. एका दिव्यामागे ५० वॅट वाचले आणि दिवा रात्री ११ तास जळला असे धरले, तर ५५० वॅट-तास, म्हणजे ०.५५ युनिट वाचते. असे एक लाख दिवे असतील तर एका रात्रीत ५५ हजार युनिट. इस्राफ टाळण्याबद्दल आपण घरात मुलांना सांगतो, त्याचे शहरभराचे रूप हे असे असते.

पण एलईडी आले म्हणजे सगळे झाले असे नाही. तीन गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली, रंग. पांढऱ्या उजेडातही ऊबदार आणि थंड असे प्रकार असतात आणि ते 'केल्विन' या एककात सांगतात. २७०० ते ३००० केल्विनचा उजेड किंचित पिवळसर, तर ६००० च्या पुढचा निळसर पांढरा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रस्त्यांसाठी ३००० केल्विन किंवा त्याहून कमीचे दिवे वापरण्याचा सल्ला दिला, कारण निळसर उजेड डोळे जास्त दिपवतो आणि झोपेसाठी शरीरात तयार होणाऱ्या मेलाटोनिनमध्ये अडथळा आणतो. खिडकीतून असा उजेड रात्रभर पलंगावर पडत असेल तर लहान मूल आणि आजारी माणूस दोघांच्या झोपेवर परिणाम होतो. वस्तीतल्या गल्लीसाठी आणि बागेसाठी ऊबदार पांढरा उजेड बरा. रंगही ओळखू येतात आणि डोळ्यांना त्रासही नाही.

दुसरी, उष्णता. एलईडीचा दिवा सहसा अचानक फुटत नाही. बहुतेकदा त्याला वीज पुरवणारा आतला 'ड्रायव्हर' आधी निकामी होतो. नागपूरच्या उन्हात दिवसभर तापलेल्या खांबावर हलक्या प्रतीचा दिवा फार टिकत नाही. स्वस्त दिवा महाग पडतो तो असा.

तिसरी, जुना खांब. पिवळा दिवा काढून त्याच खांबावर, त्याच कोनात नवा दिवा बसवला की उजेडाचा आकार बदलतो. जुना दिवा चहूकडे पसरायचा, नवा ठरावीक दिशेने टाकतो. म्हणून दिवे बदलल्यावर काही ठिकाणी "आधी बरे होते" असे लोक म्हणतात. दोष एलईडीचा नसतो. खांबांचे अंतर आणि दिव्याची निवड यांचा मेळ बसलेला नसतो.

प्रत्येक जागेला वेगळा दिवा

उजेडाचा एक नियम अटळ आहे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा उरतो. त्यामुळे खांबाची उंची आणि दोन खांबांतले अंतर यांचे नाते ठरलेले असते. ढोबळ हिशेबाने अंतर उंचीच्या तीन ते चार पट. नऊ मीटरच्या खांबांना २७ ते ३६ मीटर, पाच मीटरच्या खांबांना १५ ते २० मीटर. मुख्य रस्त्याचा उंच खांब आणून गल्लीच्या तोंडाशी रोवला तर उजेड पहिल्या वळणापर्यंतच पोचतो.

जुन्या वस्त्यांत खांबाला जागाच नसते. मोमिनपुरा, हंसापुरी, इतवारी, महालच्या जुन्या भागांत गल्ल्या अशा वळतात की एका टोकाचा दिवा दुसऱ्या टोकाला दिसत नाही. तिथे खांबाऐवजी घराच्या भिंतीवर ब्रॅकेट लावून कमी पॉवरचे दिवे बसवता येतात. घरमालकाने हरकत घेतली नाही तर काम सोपे होते, आणि हरकत बहुधा उजेड खिडकीत येण्याचीच असते. दिवा खिडकीच्या वर न लावता दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर लावला, त्याचे तोंड खाली ठेवले, की तंटा मिटतो.

नागपूरचे वैभव म्हणजे कडुनिंब, पिंपळ, वड, गुलमोहर. पण पावसाळ्यानंतर याच झाडांच्या फांद्या दिव्याला वेढून टाकतात. सगळा उजेड पानांवर आणि रस्त्यावर काळी सावली. यावर उपाय झाड तोडणे हा नाही. शहरी भागातले झाड परवानगीशिवाय तोडणे १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. उपाय दोन आहेत : उद्यान विभागाकडून दिव्याभोवतीच्या फांद्यांची वेळच्या वेळी छाटणी, आणि नवे दिवे लावताना ते फांद्यांच्या खालच्या उंचीवर घेणे.

चौकात उजेड रस्त्यापेक्षा जास्त हवा, कारण तिथे पायी माणूस आणि गाडी एकमेकांना छेदतात. झेब्रा पट्ट्यावर दिवा असा हवा की चालकाला माणसाची फक्त काळी आकृती नव्हे, तर उजळलेला माणूस दिसेल. म्हणजे गाडी ज्या बाजूने येते, त्या बाजूला पट्ट्याच्या थोडा अलीकडे.

बागेत आणि मैदानात उलट चूक होते. मध्यभागी एक हायमास्ट उभारतात. मधली जागा दिवसासारखी आणि कडेच्या पायवाटा, बाके, शौचालयाचे दार अंधारात. ताजबागसारख्या ठिकाणी उर्सच्या काळात लाखोंच्या पावलांनी माणसे येतात. अशा जागी कमानीवरच्या रोषणाईइतकीच गरज वुजूच्या जागेजवळच्या ओल्या पायरीवर, चपला ठेवायच्या जागेत, शौचालयाच्या वाटेवर आणि रिक्षाथांब्यावर एकेका साध्या दिव्याची असते.

मुलींच्या नजरेने गल्ली

आम्ही वर्गात एक उपक्रम करून घेतो. मुलांनी वहीत घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढायचा, प्रत्येक खांबाला ठिपका द्यायचा आणि अंधाऱ्या जागेला रेघा मारायच्या. दरवर्षी एक गोष्ट पुन्हा दिसते. एकाच मोहल्ल्यातल्या भावाचा आणि बहिणीचा नकाशा सारखा नसतो. मुलगा बंद दिव्याला रेघ मारतो. मुलगी दिवा चालू असलेल्या जागेलाही रेघ मारते आणि कारण लिहिते : पानठेल्यामागे कोण उभे आहे ते दिसत नाही, बंद कारखान्याच्या भिंतीजवळ लपायला जागा आहे, पुढे वळण आहे. उजेड असणे आणि सुरक्षित वाटणे यांतला फरक ही मुले आम्हाला शिकवतात.

जगात याच पद्धतीला 'महिला सुरक्षा तपासणी' म्हणतात. १९८९ मध्ये कॅनडाच्या टोरोंटो शहरात मेट्रॅक या संस्थेने ती सुरू केली : बायकांनी स्वतः रात्री गटाने चालायचे आणि कुठे भीती वाटते, का वाटते ते लिहायचे. आपल्याकडे २०१३ पासून सेफ्टीपिन या उपक्रमाने मोबाइलच्या मदतीने हेच काम केले. दिल्लीत त्यांच्या नोंदींतून हजारो अंधाऱ्या जागा पुढे आल्या आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नंतर दिवे लागले.

उजेडाने गुन्हे खरोखर कमी होतात का? न्यूयॉर्क शहरात २०१६ मध्ये सरकारी वसाहतींमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही वसाहती निवडून तिथे तात्पुरते प्रखर दिवे लावले गेले. अभ्यासकांना तिथे रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. दुसरीकडे, इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांच्या २०१५ च्या अभ्यासात मध्यरात्रीनंतर दिवे मंद केल्याने किंवा काही काळ बंद ठेवल्याने अपघात वा गुन्हे वाढल्याचे दिसले नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर अर्थ लागतो. जिथे माणसे रात्री बाहेर असतात आणि जागा धोक्याची आहे, तिथे उजेड कामाचा. जिथे कोणीच नाही, तिथे रात्रभर भगभगीत दिवा जाळून काही मिळत नाही.

आमच्या मते गल्लीची सर्वांत सोपी कसोटी अशी : समोरून येणाऱ्याचा चेहरा चार मीटरवरून, म्हणजे साधारण पाच-सहा पावलांवरून ओळखू यायला हवा. एवढे अंतर असले की माणूस सलाम करू शकतो किंवा वाट बदलू शकतो.

नमाजचे वेळापत्रक आणि दिव्यांची वेळ

आपल्या बहुतेक घरांत भिंतीवर नमाजच्या वेळांचे वेळापत्रक असते. दिव्यांच्या वेळा तपासण्यासाठी त्याहून चांगले साधन नाही. नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनअखेर सातच्या सुमारास. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत दिव्याची गरज लागते. दिव्यांचे घड्याळ उन्हाळ्यात लावून तसेच ठेवले तर हिवाळ्यात मगरिबची जमात संपवून घरी येणाऱ्याला अंधारातून यावे लागते. पहाटेचेही तसेच. फज्रला पूर्ण काळोख असतो. सकाळी ठरलेल्या वेळी दिवे लवकर बंद झाले तर मशिदीतून परतणारे बुजुर्ग, दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा आणि पहिल्या बसने कामाला निघालेल्या बायका अंधारात सापडतात. आठवडाभर मगरिबची वेळ आणि दिवा लागण्याची वेळ शेजारी-शेजारी लिहिली, तर तक्रारीचा भक्कम पुरावा तयार होतो.

कमी उजेडाचा नागपुरी धडा

जास्त उजेड म्हणजे चांगला उजेड नव्हे, हे सांगणारे दोन प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाले आहेत. पहिला पौर्णिमा दिवसाचा. तत्कालीन महापौर अनिल सोले यांच्या कार्यकाळात महापालिका आणि ग्रीन व्हिजिल या संस्थेने तो सुरू केला. पौर्णिमेच्या रात्री स्वयंसेवक एखाद्या चौकात उतरतात आणि दुकानदारांना रात्री आठ ते नऊ या वेळेत अनावश्यक दिवे बंद ठेवण्याची विनंती करतात. चंद्राच्या तारखा पाळणाऱ्या आपल्या घरांना ही कल्पना परकी वाटू नये. चांद की चौदहवी आपल्याकडे उगाच मिसाल झालेली नाही. या उपक्रमात कोणी सुरक्षेचे दिवे बंद करा म्हणत नाही. पाट्यांचे, काचांचे, नुसत्या झगमगाटाचे दिवे बंद करा म्हणतात.

दुसरा प्रयोग पेंचचा. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' ठरला. त्यासाठी जंगलालगतच्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरहून अधिक दिवे बदलून खाली उजेड टाकणारे बसवले गेले. गावे अंधारात गेली नाहीत. फक्त आभाळात जाणारा उजेड रस्त्यावर आणला गेला. गावांत हे जमते, तर शहरातल्या मोहल्ल्यांतही जमायला हरकत नाही.

पावसाळा, आकडे आणि रोषणाई

सप्टेंबर २०२३ च्या त्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत घुसले, हे नागपूरकर विसरलेले नाहीत. पाण्यात उभा असलेला विजेचा खांब हा सर्वांत मोठा धोका. खांबाच्या पायथ्याशी वायर जोडणीची एक पेटी असते. तिचे झाकण गायब असणे, वायर उघडी दिसणे, पावसात खांबाला हात लावल्यावर झिणझिण्या येणे, यांपैकी काहीही आढळले तर मुलांना लांब ठेवा आणि त्याच दिवशी कळवा. रस्त्यावरचा दिवा घेताना धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाची 'आयपी ६५' किंवा 'आयपी ६६' ही खूण असावी आणि खांबाला अर्थिंग हवेच.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. जलसा, मिलाद, लग्न, कोणताही सण असो, खांबावर आकडा टाकून रोषणाई करणे ही २००३ च्या विद्युत कायद्यानुसार वीजचोरी आहे. आकड्याने तार तापते, दिवे बिघडतात आणि उत्सवानंतर तीच गल्ली पंधरा दिवस अंधारात राहते. महावितरण अशा प्रसंगी तात्पुरती जोडणी देते. ती घेणे शोभेचे आहे आणि सुरक्षितही.

मागायचे कसे?

रस्त्यावरचा दिवा ही मेहरबानी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे महापालिकेचे बंधनकारक काम ठरवले आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतही नागरी संस्थांच्या कामांत रस्त्यावरच्या दिव्यांचा उल्लेख आहे. पण हक्क असला तरी अर्ज नेमका लागतो. "आमच्या भागात अंधार आहे" या वाक्यावर कोणी काम करू शकत नाही. म्हणून असे करून पाहा.

एका रविवारी इशानंतर मोहल्ल्यातल्या आठ-दहा जणांनी मिळून फेरी मारावी. त्यात किमान निम्म्या महिला आणि मुली असाव्यात, एखादे बुजुर्ग आणि एखादी गाडी चालवणारी व्यक्ती असावी. प्रत्येक खांबाचा क्रमांक लिहावा, क्रमांक नसेल तर जवळच्या घराची किंवा दुकानाची खूण. दिवा बंद आहे, लुकलुकतो, फांदीत झाकला आहे, डोळ्यांवर येतो की खांबच नाही, हे पाच रकाने पुरे. चार मीटरची चेहऱ्याची कसोटी दोन खांबांच्या बरोबर मध्ये करावी. मग ही यादी आणि हाताने काढलेला नकाशा जोडून आपल्या झोन कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत, आपला कोणता ते मालमत्ता कराच्या पावतीवर सापडते. संपूर्ण गल्लीची वीज गेली असेल तर तक्रार महावितरणकडे, आणि घरात वीज असून फक्त रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर महापालिकेकडे. हा फरक माहीत नसल्याने कितीतरी तक्रारी फिरत राहतात. उत्तर आलेच नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्जावर काय कारवाई झाली ते विचारता येते. त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे.

यादी करताना क्रमही लावावा. सगळे एकदम मिळत नाही. आमचा क्रम असा असेल : आधी मुलींच्या शाळा-क्लासची वाट, मग दवाखाना आणि बस-ऑटोथांबा, मग सार्वजनिक शौचालय आणि पाण्याची जागा, मग मशीद, मंदिर, बाजार आणि मैदान. शोभेची रोषणाई सर्वांत शेवटी.

दरम्यान आपल्या हातातले काम अर्जाची वाट पाहत नाही. दाराबाहेरचा स्वतःचा दिवा झुकवून त्याचे तोंड पायरीकडे करायला पाच मिनिटे लागतात. मशिदीच्या किंवा शाळेच्या कुंपणाच्या आत एक छोटा दिवा असा बसवता येतो की त्याचा उजेड बाहेरच्या पायवाटेवरही पडेल. दुकानदाराने रस्त्याकडे रोखलेला फोकस खाली वळवला तर त्याचे गिऱ्हाईक कमी होत नाही, उलट थांबते.

येत्या हिवाळ्यात पुन्हा दिवस लहान होतील आणि जादा वर्ग सुरू होतील. त्याआधी ऑक्टोबरमध्येच ही फेरी मारून अर्ज दिला, तर डिसेंबरच्या संध्याकाळी क्लास सुटल्यावर मुलींना अंधाराची सबब सांगावी लागणार नाही. वही, पेन्सिल आणि एका रविवारची एक रात्र, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते.